डोंगर जवळ हवा, पण किती जवळ?

सोलापुरात डोंगर नाही. ही तक्रार नव्हे, भूगोल आहे. शेंगाचटणी आहे, कडक भाकरी आहे, मे महिन्यात त्रेचाळीस अंशांचे ऊन आहे. पण दोन्ही हातांनी धरून चढावे असा कातळ आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर कुठेच नाही. थोरली सातवीत असताना पुण्याला एका उन्हाळी शिबिरात गेली. तिथे कुणीतरी तिच्या कमरेला हार्नेस बांधून तिला तीस फुटांच्या कृत्रिम भिंतीवर सोडले. परत आली ती बोटांची सालटी निघालेली आणि तोंडात एकच विषय. पुढची तीन वर्षे आमच्या घरात दुसरा विषय फारसा निघाला नाही.

आम्ही दोघेही शाळेत. एक मराठी शिकवणार, एक उर्दू, आणि मध्ये कुणी रजेवर असले तर दोन्ही. चाळिशी ओलांडलेल्या माणसांनी मुलीच्या नादाने गड चढायला सुरुवात केली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत आमची बरीच थट्टा झाली. पहिल्या गडावर आम्हाला चार ठिकाणी बसावे लागले. दहाव्या गडावर बसावे लागले नाही, फक्त गुडघ्याला पट्टा लागला. मग सवयच झाली. महिन्यातून दोन शनिवार शाळा सुटली की अडीचशे किलोमीटर पुणे, तिथून पुढे कुठलासा पायथा, रविवारी चढाई, रात्रीची गाडी आणि सोमवारी पहिल्या तासाला फळ्याकडे तोंड करून जांभई. धाकटा तर गाडीतच गृहपाठ करायला शिकला.

थोरलीने एकदा हिशेब मांडला. महिन्यातले तीस-बत्तीस तास आपण गाडीत बसतो आणि कातळावर जेमतेम आठ तास असतो. "अब्बू, तुम्हीच सांगता ना, वेळेचा हिशेब द्यावा लागतो?" आपलेच वाक्य मुलांच्या तोंडून परत आले की उत्तर सुचत नाही. तेव्हापासून प्रश्न घरात बसला तो बसलाच: डोंगराकडे जाण्यापेक्षा डोंगराजवळच राहायला का जाऊ नये?

नातेवाइकांना हे सांगितले तेव्हा काय झाले ते लिहीत नाही. अम्मी मात्र शांतपणे म्हणाल्या, "पहाड देखने को अच्छा, रहने को घर होना." आम्ही ते विनोद म्हणून घेतले. पुढे त्याच वाक्याने गावे तपासावी लागली.

पहिले गाव बीड. आपले मराठवाड्यातले नव्हे, हिमाचलातले बीर. अम्मींनी मात्र शेवटपर्यंत त्याला बीडच म्हटले. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो. कांगडा खोऱ्यातले हे गाव पॅराग्लायडिंगसाठी जगात माहीत आहे. २०१५ मध्ये तिथे या खेळाची विश्वचषक स्पर्धा झाली. वर बिलिंगला, सुमारे २४०० मीटरवर, गवताचा उतार आहे. तिथून धावत सुटायचे आणि पंखाने उचलले की खाली चौगानच्या मैदानापर्यंत तरंगत यायचे. गाडीने तेच अंतर चौदा किलोमीटर आहे. मागे धौलाधारची रांग, खाली चहाचे मळे, तिबेटी वस्ती, मठांतून येणारे घंटांचे आवाज. धाकटा एका वैमानिकाच्या पुढे बसून उडाला आणि उतरल्यावर अर्धा तास बोललाच नाही, हे आमच्या घरातले एक आश्चर्य.

पण थोरली पहिल्याच दिवशी म्हणाली, "इथे सगळे हवेत आहे." बरोबर होते. गाव एका खेळाचे असते, सगळ्या खेळांचे नसते, हे तिथे कळले. शिवाय पावसाळ्यात, पंधरा जुलै ते पंधरा सप्टेंबर, उड्डाणे बंद. तेव्हा गावाची कमाईही बंद. आणि घर घ्यायचे म्हटले तर हिमाचलच्या १९७२ च्या जमीन कायद्यातले कलम ११८ आडवे येते. जे तिथले शेतकरी नाहीत त्यांना सरकारी परवानगीशिवाय जमीन विकत घेता येत नाही. आम्हाला हा कायदा वाईट वाटला नाही. आमच्या कोकणातल्या नातेवाइकांनी विकलेल्या जमिनींवर आज काय उभे आहे ते पाहिले की असा कायदा आपल्याकडे नाही याचेच वाईट वाटते. पण आमच्यापुरता त्याचा अर्थ एकच, आयुष्यभर भाडे. आणि मराठी-उर्दूच्या शिक्षकाला तिथे नोकरी कोण देणार?

मनाली दोन दिवसांत आटोपले. तिथे १९६१ पासूनची गिर्यारोहण संस्था आहे, जवळ सोलंगला बर्फावरचे खेळ आहेत, ९ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये उतरता येते. पण त्याच वर्षी जुलैमध्ये बियासने रस्ते वाहून नेले होते आणि त्याच्या जखमा नदीकाठी उघड्या दिसत होत्या. अम्मींना दम्याचा त्रास. हिवाळाभर शेगडीच्या धुरात त्यांना बसवणे आमच्याने झाले नसते.

उत्तरकाशीवर मात्र आमचे मन खरोखर बसले होते. मे २०२४ मध्ये गेलो. गंगोत्रीच्या यात्रेची गर्दी इतकी, की ऋषिकेशहून निघालेली गाडी पोहोचायला रात्र झाली. गाव फार उंचीवर नाही, साधारण साडेअकराशे मीटर. भागीरथी गावाच्या मधून आवाज करत जाते. १९६५ साली स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था इथली. १९८४ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल इथेच शिकल्या. गावाजवळ तेखला येथे सरावाचे कातळ आहेत. थोरलीने त्या कातळाला हात लावला आणि म्हणाली, "हा आपल्यासारखा नाही." सह्याद्रीचा कातळ काळा, थरांचा, कधी पकड हातातच निघून येणारा. इथला दगड वेगळा, त्याची बोटांना होणारी बोलीच वेगळी. दोन दिवस ती तिथून हलायला तयार नव्हती.

आता जे सांगायचे ते सांगायलाच हवे, कारण घर बदलणारे कुटुंब हेच आधी विचारते. याच जिल्ह्यातल्या पुरोल्यात जून २०२३ मध्ये मुस्लिम दुकानदारांना गाव सोडायला सांगणारी पत्रके लागली होती. दुकाने कित्येक दिवस बंद होती. त्यानंतर पाच महिन्यांनी, आम्ही बीरहून परतलो त्याच दिवाळीत, याच जिल्ह्यात सिल्क्यारा बोगदा कोसळला आणि ४१ मजूर आत अडकले. मोठी यंत्रे थांबली तेव्हा शेवटचे काही मीटर हाताने खणणाऱ्यांत वकील हसन, मुन्ना कुरेशी आणि त्यांचे हिंदू-मुस्लिम सोबती होते. सतराव्या दिवशी सगळे मजूर जिवंत बाहेर आले. त्या रात्री आमच्या गल्लीत लोक टीव्हीसमोर उभे राहून रडत होते.

आम्हाला स्वतःला उत्तरकाशीत कुणी वाकडा शब्द बोलले नाही. चहावाल्याने अम्मींसाठी चूल सोडून खुर्ची आणून दिली. पण पाहुणा असणे वेगळे आणि भाडेकरू असणे वेगळे. आमच्या या सगळ्या शोधात एका डोंगरी गावात फोनवर पक्की झालेली खोली नाव सांगितल्यावर "कालच गेली" झाली. कुठल्या गावात ते लिहीत नाही. एका घरमालकावरून गावाला नाव ठेवू नये. तरी त्या रात्री आम्ही दोघे उशिरापर्यंत जागे होतो. आपण काही न करता मुलीच्या मनात काय जाऊन बसेल, याची मोजदाद करता येत नव्हती. सकाळी थोरलीनेच विचारले, "त्या खोलीचे काय झाले?" खोटे सांगितले नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग दोर गुंडाळायला लागली.

निर्णय मात्र त्या खोलीने झाला नाही. झाला तो एका साध्या गोष्टीने. संस्थेतल्या एका प्रशिक्षकांशी बोलताना कळले की त्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम २८ दिवसांचा. म्हणजे हिमालयाला वर्षातून महिनाभर जाता येते. बर्फ, हिमनदी, उंची हे मोहिमेचे काम. पण बोटांची ताकद, पायाचा तोल, दोर सांभाळण्याची सवय हे रोजचे काम, आणि रोजचे काम घराजवळच होते. आम्ही हिमालयाजवळ राहायला निघालो होतो. गरज होती रोज हाताशी असलेल्या कातळाची.

मग महाराष्ट्र. पाचगणी पाहिले: टेबललँड सुंदर, शाळा भरपूर, पण फी आणि भाडे दोन्ही आमच्या पगाराकडे पाहून हसले. भंडारदरा आवडले, पण तिथे अकरावी कुठे? २०२४ च्या दिवाळीत जुन्नरला मुक्काम केला आणि तिसऱ्या दिवशी आम्ही नकळत भाजीचे भाव विचारायला लागलो.

जुन्नरला लोक शिवनेरीसाठी ओळखतात. तो गावाच्या डोक्यावरच आहे. पण गावात राहून पाहिले तर चारही बाजूंनी कातळच. चावंड, हडसर, लेण्याद्री. तालुक्यात कोरलेली लेणी दोनशेहून जास्त. तासाभरावर नाणेघाट, सातवाहनांच्या काळचा व्यापारी मार्ग, ज्याच्या गुहेत ब्राह्मी लेख आहेत आणि वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. त्याच्या शेजारी जीवधन, आणि जीवधनाला चिकटून एकटा उभा वानरलिंगी सुळका, सुमारे साडेतीनशे फूट. थोरलीने तो पाहिला आणि काहीच बोलली नाही. हरिश्चंद्रगडाची खिरेश्वरची वाटही याच तालुक्यातली.

गाव जुने आहे. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभी केली ती इथून. अहमदनगर चार वर्षांनी वसले. गावाबाहेर हापूसबागेत सौदागर घुमट आहे. हबशीबागेचे हापूसबाग झाले असे तिथले लोक सांगतात, आंब्याशी संबंध नाही. अम्मींना घुमटापेक्षा हे जास्त आवडले की मशिदीची अजान खोलीत ऐकू येते आणि बाजारात मटणाचे दुकान पायी गाठता येते.

घर दाखवणाऱ्या काकूंनी आमचे नाव ऐकले आणि विचारले, "कुत्रं आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. कुत्र्यासाठी बिबट्या येतो." हा विनोद नव्हता. इथल्या उसात बिबटे राहतात, पिल्ले घालतात. माणिकडोहला वनखात्याचे बिबट्या निवारा केंद्रच आहे. अंधार पडल्यावर मुलांनी एकटे बाहेर जायचे नाही, हा तिथल्या प्रत्येक घराचा नियम. डोंगराजवळ राहायचे तर डोंगरातले शेजारीही आले.

जून २०२५ मध्ये थोरलीची अकरावी सुरू झाली आणि आमचे घर दोन झाले. एकाने सोलापुरात पगार सांभाळायचा, दुसऱ्याने दोन वर्षांची विनावेतन रजा घेऊन अम्मी आणि मुलांसह जुन्नरला राहायचे. पगार एक, भाडी दोन. हा हिशेब अजून पूर्ण जमलेला नाही. सोलापूरहून पुण्यात गाडी बदलून यायला आठ-नऊ तास लागतात, म्हणजे गाडीतले तास थोरलीचे सुटले आणि आमच्यातल्या एकाच्या वाट्याला आले. ज्यांना वाटते आम्ही मोठे धाडस केले, त्यांनी शुक्रवारी रात्रीच्या एसटीत आमच्याशेजारी बसून पाहावे.

आणि पहिले चार महिने कातळ मिळालाच नाही. पाऊस. शेवाळ धरलेल्या कातळावर कुणी शहाणा माणूस चढत नाही. थोरली रोज पहाटे उजाडल्यावर शिवनेरीच्या पायऱ्या धावत चढायची आणि घरी येऊन दाराच्या चौकटीला लोंबकळायची. दसऱ्यानंतर चढाया सुरू झाल्या. एका सुळक्यावर अर्ध्यात असताना वरच्या कपारीत आग्या मोहोळ दिसले. तिच्यासोबतच्या अनुभवी मुलांनी एक शब्द न बोलता हाताने खूण केली आणि सगळे आल्या वाटेने उतरले. ती घरी आली तेव्हा चिडलेली होती, रडलेली नव्हती. "पकड माझ्या हातात होती," एवढेच म्हणाली. उतरायला चढण्यापेक्षा जास्त अक्कल लागते हे तिला अम्मींनी सांगितले, ज्या आयुष्यात शिवनेरीच्या दुसऱ्या दरवाजापलीकडे गेलेल्या नाहीत.

वानरलिंगी अजून झालेला नाही. तिचे शिक्षक म्हणतात, पुढच्या हिवाळ्यात पाहू. उत्तरकाशीच्या अभ्यासक्रमासाठी बारावीनंतर अर्ज करायचा आहे. धाकट्याला मात्र अजूनही हवेतच जायचे आहे; तो दर आठवड्याला बीरचे अंतर मोजतो.

रविवारी संध्याकाळी चढाईचा दोर धुऊन आम्ही अंगणात सावलीला पसरतो. अम्मी दर वेळी विचारतात, "इसपे चादरां सुखाऊं क्या?" नाही म्हणायचे, आणि का नाही ते पुन्हा समजवायचे. मग कुणीतरी घड्याळ पाहते, कारण सहाची पुण्याची गाडी असते.