पुनरावृत्तीचे प्रयोजन

कलाकृतीची पुनरावृत्ती हा आपल्या समीक्षेने फारशा गांभीर्याने न घेतलेला प्रश्न आहे. नवता हे मूल्य एकदा गृहीत धरले, की पुनरावृत्ती आपोआप उणीव ठरते. ‘तोचतोचपणा’ हा शब्द आस्वादाच्या भाषेत दोषवाचक म्हणूनच रुळला आहे. फैजपूर येथे मराठी साहित्य शिकवणाऱ्या एका अध्यापकापुढे हा प्रश्न १५ डिसेंबर २०१९ रोजी अनपेक्षित ठिकाणी उभा राहिला. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्या रात्री यू टू या आयरिश वाद्यवृंदाचा भारतातील पहिला कार्यक्रम होता. भुसावळहून रात्रीची गाडी पकडून तो मुलीसह आला होता. जे ऐकायला आला होता ते सारे त्याला पाठ होते. ‘द जोशुआ ट्री’ ही १९८७ सालची ध्वनिमुद्रिका पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रमाने सादर होणार होती. मग ऐकायचे काय?

यू टूची सुरुवात १९७६ सालची. डब्लिनमधील माउंट टेंपल शाळेच्या फलकावर लॅरी मलेन या 14 वर्षांच्या मुलाने वादक हवेत, अशी चिठ्ठी लावली आणि त्यातून बोनो, द एज, अॅडम क्लेटन व तो असे चौघे एकत्र आले. पंक संगीताने तेव्हा प्रावीण्याची अट झुगारून दिली होती. गाण्यासाठी सांगण्याजोगे काही असले की पुरे, वाजवणे मागाहून शिकता येते, अशी ती भूमिका होती. या नकाराचा भर ओसरल्यावर त्यातून नवी रूपे शोधणारी जी पिढी आली, तिला उत्तर-पंक म्हणतात. यू टू हे मूळचे त्याच घराण्यातले. जॉय डिव्हिजनचे निर्माते मार्टिन हॅनेट यांनीच त्यांचे ‘इलेव्हन ओ क्लॉक टिक टॉक’ हे गाणे १९८० मध्ये घडवले. पुढे ब्रायन ईनो व डॅनियल लान्वा यांच्या सहवासात त्यांचा ध्वनी विस्तीर्ण झाला, आणि खोलीत मावणारे संगीत मैदानाचे झाले.

या विस्ताराची किंमतही त्यांनी मोजली. २०१४ साली त्यांची नवी ध्वनिमुद्रिका अॅपलच्या सुमारे 50 कोटी ग्राहकांच्या संग्रहात, कुणी न मागता, परस्पर जाऊन बसली. त्यावर इतकी टीका झाली की बोनोला क्षमा मागावी लागली. दाराबाहेर उभे राहून ओरडणाऱ्यांनी न विचारता घरात शिरावे, यात एका संपूर्ण चळवळीचे प्राक्तन वाचता येते. नेरूळला येतानाही अध्यापकाच्या मनात हा आक्षेप होताच. बंडाचा वारसा झाला आणि वारशाला तिकीट लागले, हे त्याला दिसत होते. मैदानही तिकिटाच्या दरानुसार विभागलेले होते.

तरीही तो आला, याचे कारण एका यंत्रात शोधता येईल. द एजच्या सुरुवातीच्या वादनात प्रतिध्वनी निर्माण करणारे एक उपकरण असे. त्याचे नावच ‘मेमरी मॅन’. गिटारवर एक स्वर छेडला की हे यंत्र तो पुन्हा पुन्हा उच्चारते. यंत्र जुन्या घडणीचे असल्यामुळे प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीहून किंचित मंद, किंचित धूसर होते. वादक पुढचा स्वर छेडतो तो या विरत जाणाऱ्या आवृत्त्यांच्या मधल्या जागेत. ऐकणाऱ्याला जी लय जाणवते, तिच्यातले निम्मे स्वर कुणी वाजवलेलेच नसतात. येथे पुनरावृत्ती ही रचनेचे द्रव्य आहे. ती काढून घेतली तर मागे फारसे काही उरत नाही.

या अध्यापकाच्या घरी असा एक ‘मेमरी मॅन’ होता. त्याचे वडील १९३६ च्या डिसेंबरात 10 वर्षांचे होते. त्या महिन्याच्या २७ व २८ तारखांना फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींच्या आग्रहाने नंदलाल बोस आले आणि बांबूसारख्या गावातल्याच साहित्यातून त्यांनी शेतांत टिळकनगर सजवले. वडील त्यातली एकच गोष्ट सांगत. ध्वज वर चढवताना अर्ध्यावर अडकला, सारे थबकले, आणि शिरपूरचा एक तरुण सरसर खांबावर चढून गेला. मुलाने पहिल्यांदा ऐकली तेव्हा खांब 60 फुटांचा होता. तो महाविद्यालयात जाईपर्यंत 80 फुटांचा झाला आणि अखेरच्या वर्षांत 100 फुटांना पोचला. गोष्टीचा शेवट मात्र कधी बदलला नाही. ‘त्या दिवसांत कोण कोणत्या आळीतला, हे कुणी विचारलं नाही,’ असे म्हणून वडील थांबत.

१९८७ साली पुण्याहून सुट्टीवर आलेल्या मुलाने ही गोष्ट मध्येच तोडली. ‘किती वेळा तेच?’ एवढेच तो म्हणाला आणि मित्राकडून आणलेली ‘द जोशुआ ट्री’ची कॅसेट लावून बसला. वडिलांनी त्याच्यासमोर ती गोष्ट पुन्हा फारशी सांगितली नाही. नातवंडांना आणि पाहुण्यांना ते सांगत. खांबाची वाढती उंची मुलाला कळत गेली ती शेजारच्या खोलीतून. २००४ साली वडील गेले.

त्या रात्री चौघे प्रथम प्रेक्षकांमध्ये शिरलेल्या छोट्या मंचावर आले. त्या मंचाचा आकार वृक्षाच्या सावलीचा होता. आरंभीच्या वर्षांतील गाणी तेथे झाल्यावर ते मागच्या प्रचंड पडद्यासमोर गेले आणि ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’चा प्रारंभ झाला. रस्त्याच्या नावावरून माणसाचा धर्म आणि ऐपत ओळखू येते, हे बेलफास्टचे वास्तव या गाण्यामागे असल्याचे बोनोने सांगितले आहे. अध्यापकाला हे ठाऊक होते. वर्गात त्याने ते उदाहरण म्हणूनही वापरले होते. परंतु प्रतिध्वनींच्या त्या आवर्तनांत उभा असताना त्याला बेलफास्ट आठवले नाही. त्याला वडिलांचे शेवटचे वाक्य ऐकू आले. ज्यासाठी त्याने वडिलांना थांबवले होते, ती कॅसेट आणि वडील एकच गोष्ट सांगत होते.

येथे चिकित्सेला सुट्टी देता येत नाही. टिळकनगर उठले आणि आळ्या जागच्या जागी राहिल्या. वडिलांचे वाक्य 10 वर्षांच्या मुलाचे होते. ते कितपत खरे होते, हे सांगणारे आज कुणी नाही. नेरूळच्या मैदानातही गाणे संपताच तिकिटांचे कठडे दिसू लागले. पण म्हणूनच पुनरावृत्तीचा अर्थ उलट दिशेने लावावा लागतो. जे साध्य झाले ते माणसे पुन्हा सांगत नाहीत. त्याची नोंद करतात आणि पुढे जातात. जे क्षणभर शक्य वाटले आणि हातून निसटले, तेच पुन्हा पुन्हा सांगावे लागते. हरिपाठ रोज म्हणणाऱ्याला ‘किती वेळा तेच?’ असे कुणी विचारत नाही, कारण म्हटल्याने तो संपत नाही हे सर्वांना मान्य असते. साठीकडे आलेल्या चार माणसांनी पंचविशीतले गाणे वाजवावे, यात गतकातरता आहेच. शिवाय ते गाणे अद्याप खरे झालेले नाही, ही कबुलीही आहे. ए. आर. रहमान आणि त्यांच्या कन्या ‘अहिंसा’ हे गाणे गाण्यासाठी मंचावर आल्या, तेव्हा ही कबुली आयर्लंडपुरती राहिली नाही.

फैजपूरशेजारच्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेचा जो विचार मांडला, त्याच्या कसोटीवर हा श्रोता कोठे बसेल, असा प्रश्न विचारता येईल. डब्लिनच्या गाण्याने फैजपूरची गोष्ट गप्प केली, ही घटना त्या विचाराला बळ देते. त्याच गाण्याने 32 वर्षांनी ती गोष्ट परत आणली, ही घटना त्यात भर घालते. परके ते आपले होण्यासाठी अनुकरण पुरत नाही. आपल्याकडे आधीच असलेल्या एखाद्या अपुऱ्या गोष्टीला ते जाऊन भिडावे लागते.

तो कार्यक्रम त्या दौऱ्यातील अखेरचा होता. पुढे लास व्हेगासमध्ये २०२३-२४ मध्ये त्यांनी ‘अख्टुंग बेबी’ ही १९९१ ची ध्वनिमुद्रिका अशीच समग्र सादर केली. शस्त्रक्रियेमुळे लॅरी मलेन त्यात नव्हता, ढोलांवर दुसरा वादक होता. संहिता तीच राहिली, प्रयोगातून एक माणूस वजा झाला. प्रत्येक आवृत्ती किंचित धूसर होते, ती अशी.

परतीच्या गाडीत, भुसावळ जवळ येऊन केळीच्या बागा उजेडात दिसू लागल्यावर, मुलीने आजोबांची ध्वजाची गोष्ट काढली. तिला ती अर्धवट आठवत होती. त्याने पहिल्यापासून सांगितली. खांब किती उंच होता, असे तिने विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘100 फूट.’