‘ण’ येत नाही म्हणून

मराठी शाळेने पाठवलेली ती चिठ्ठी आठवली की अजून डोकं तापतं. ‘उच्चारदोष आहे, ण येत नाही, स्पीच थेरपी करून घ्यावी.’

मुलगी खेरवाडीची, दुसरीतली. आई घरकाम करणारी. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवणदोषांवर काम करणारी संस्था १९८३ पासून आहे, त्यामुळे स्पीच थेरपी म्हणजे काय ते इकडे फारसं समजवावं लागत नाही. मी तेव्हा एका खासगी क्लिनिकात नोकरीला होते.

मुलगी ‘पानी’, ‘लोनी’, ‘बान’ म्हणायची. ट, ठ, ड मात्र खणखणीत. म्हणजे जीभ टाळूकडे व्यवस्थित वळत होती. घंटेचं चित्र दाखवलं. ‘घंटा’ म्हणाली, त्यात ट-च्या आधीचा ण आपसूक आला! ऐकू नीट येत होतं, गोष्टही न अडखळता सांगितली. आईही ‘पानी’च म्हणत होती. मी रिपोर्टात लिहिलं : बोलीतला फरक, थेरपीची गरज नाही.

क्लिनिकच्या मालकीणबाईंनी रिपोर्ट परत केला. “शाळेने पाठवलंय, आपण नाही कसं म्हणायचं?” वर हसून म्हणाल्या, “तुम्हाला ते नॉर्मलच वाटणार म्हणा.” मी अकोल्याची. आमच्याकडे डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं.

अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने १९८३ मध्येच जाहीर केलं होतं, की इंग्रजीची कुठलीही बोली हा वाचादोष नाही. आपल्याकडे न-ण वरून माणसाची जात ताडतात, आणि तीच नजर घेऊन काही जण आमच्या व्यवसायात येतात.

पण खरं झोंबलं ते आईचं बोलणं. “मॅडम, माझ्यामुळंच बिघडलं का हिचं?” त्यानंतर ती माझ्यासमोर लेकीशी बोलेचना. खुणेनंच ‘बस’, खुणेनंच ‘चल’. पालकांनो, कुणी काहीही सांगो, मुलांशी घरच्या बोलीत भरपूर बोला. भाषा त्यातूनच येते.

हे मी सगळ्यांना सांगते. आणि मुलाखतीला निघालेला एखादा तरुण ‘ण शिकवा’ म्हणाला, तर फी घेऊन शिकवतेही. मी स्वतः क्लिनिकात ‘डोळा’च म्हणते. त्या मुलीलाही तेव्हा शिकवून टाकायला हवं होतं, असं कधीकधी वाटतं. शाळा थोडीच बदलणार होती?