परीक्षकांच्या घासापर्यंत

गणपतीत सोसायटीच्या फळ्यावर पाककला स्पर्धेची सूचना लागते आणि विषय 'उकडीचे मोदक' असला की भल्या भल्या सुगरणी मागे सरतात. 'घरी छान होतात हो, पण तिथे नेईपर्यंत त्यांचं काय होईल!' हे दर वर्षी कानावर येतं. भीती खरीच आहे. घरी मोदक पात्रातून थेट पानात पडतो, त्यावर तुपाची धार येते आणि खाणारा बोटं पोळत खातो. स्पर्धेत मांडणी पाचला असते आणि परीक्षक एकेक टेबल करत आपल्यापाशी येईपर्यंत साडेसहा वाजतात. मला या स्पर्धा आवडतात त्या या मधल्या दीड तासासाठी. तेवढा वेळ मोदक मऊ ठेवायचा तर आपल्या हाताला सवयीने येणारी प्रत्येक गोष्ट नव्याने तपासून बघावी लागते.

सुरुवात तांदळापासूनच होते. शिजलेल्या तांदळातला स्टार्च गार होताना पुन्हा आवळतो, म्हणून सकाळचा भात रात्री कडक लागतो. फ्रिजमध्ये ही क्रिया आणखी लवकर होते, तेव्हा स्पर्धेचे मोदक आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवायचा विचारही करू नये. मोकळ्या, फडफडीत भाताच्या तांदळाची पारी लवकर वातड होते. चिकटसर भात होणारा तांदूळ जास्त वेळ मऊ राहतो. मी आंबेमोहर घेते, वासासाठी आणि मऊपणासाठीही, आणि त्यात मूठ-दोन मुठी इंद्रायणी. इंद्रायणी आंबेमोहराच्याच संकरातून आलेला, त्यामुळे दोघांचं जमतं. तांदूळ धुऊन, सावलीत फडक्यावर वाळवून, बारीक दळून आणायचा आणि पिठी मैद्याच्या चाळणीने चाळायची.

उकडीला 1 वाटी पिठीला 1 वाटी पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर लोणी. घरच्यासाठी एवढं पुरतं. स्पर्धेसाठी मी पाण्यातलं पाव वाटी काढून तेवढं दूध घालते, कारण स्निग्धांशाने पारी कोरडी पडायला वेळ लागतो. मळताना मात्र हयगय चालत नाही. उकड हाताला चटका देत असतानाच परातीत घ्यायची, तेल-पाण्याचा हात लावत तळव्याच्या टाचेने रगडायची, आणि गोळा दाबल्यावर कडेला भेग पडेनाशी झाली की थांबायचं. पारीची कड मधल्या भागापेक्षा पातळ हवी. सगळ्या कळ्या शेंड्यापाशी एकत्र येतात. कड जाड राहिली तर तिथे पिठाचा गड्डा होतो आणि परीक्षकांचा पहिला घास नेमका तिथेच पडतो. कळ्या एकवीस असल्या तर देखण्याच दिसतात, पण अकरा सारख्या अंतराच्या, टोकापर्यंत सुटसुटीत गेलेल्या कळ्यांचा मोदक मला उजवा वाटतो.

सारणाकडे कमी लक्ष जातं. 2 वाट्या ओल्या नारळाला 1 वाटी साधा चिरलेला गूळ घ्यावा. चिकीचा गूळ नको, गार झाल्यावर तो दातांना चिकटतो. सारण ओलं राहिलं तर पारीला पाणी सुटून बूड फाटतं, फार आटवलं तर खडखडीत होतं. कढईची कड सोडून गोळा होऊ लागला की उतरवावं. वेलचीपेक्षा जायफळ किंचित पुढे ठेवावं, गार पदार्थात वास दबतो.

मग नेण्याची तयारी. मोदक गार पाण्यात बुडवून पात्रात ठेवले की तडकत नाहीत. खाली हळदीचं पान, दहा-बारा मिनिटं वाफ. डब्यात केळीचं पान घालून मोदक एकमेकांना न टेकता ठेवायचे आणि झाकणाच्या आतून कोरडं मलमलचं फडकं ताणून बांधायचं. झाकणाला जमलेली वाफ ठिबकली तर कळ्या पुसल्या जातात.

अर्जात साहित्य आणि प्रमाण लिहून मागतात, ते मला फार मोलाचं वाटतं. कमलाबाई ओगले यांच्या 1970 साली आलेल्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचं माप घरोघरी नेलं. तरी सणाचे पदार्थ आपण अजून अंदाजानेच करतो. कागदावर लिहिताना तो अंदाज पहिल्यांदा मोजला जातो, आणि सुनेला, मुलाला देता येतो.

एकदा एका परीक्षक बाईंनी माझा मोदक चमच्याने न कापता हाताने उघडला, पारी उजेडात धरली आणि विचारलं, "ताई, पिठी घरची का?" हो म्हटल्यावर त्यांनी उरलेल्या उकडीच्या, हिरवी मिरची-जिरं घातलेल्या निवगऱ्याही मागून घेतल्या. पहिलं बक्षीस चॉकलेटच्या सारणाला आणि फुलांच्या सजावटीला गेलं. पण मोदक हातात घेऊन पारखणारं माणूस समोर भेटलं, यासाठी मी पुन्हा पुन्हा नाव देते.

मंडळांना एकच विनंती आहे. यंदा हॉलच्या कोपऱ्यात एक शेगडी आणि मोठं मोदकपात्र ठेवा, प्रत्येकीला परीक्षणाआधी पाच मिनिटं वाफ देऊ द्या, आणि शंभरातले निदान साठ गुण चवीला राखा. मागे सरणाऱ्या सुगरणी आपणहून नाव नोंदवतील.