यंत्राची निवड

मुलांना दिलेला शब्द आणि दुकानदाराला दिलेला विसार सहजासहजी परत घेता येत नाही. चिरंजीव सातवीत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले तर व्हिडिओ गेमचे यंत्र आणून देऊ, असे आम्ही एका गाफील संध्याकाळी बोलून गेलो. निकाल लागला, काजूचे पैसे हाती आले आणि शब्द पाळण्याची वेळ आमच्यावर आली.

आमचे गाव खानापूर तालुक्यातील. असल्या खरेदीसाठी आम्हांस बेळगाव गाठावे लागते. परंतु हजारो रुपयांची वस्तू न पारखता घेणे आमच्या स्वभावात नाही. म्हणून बेळगावची वाट धरण्यापूर्वी आम्ही रीतसर अभ्यासाला बसलो.

या बाजारात तीन मोठी घराणी आहेत. सोनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचे स्विच. एका घराण्यासाठी घेतलेला खेळ दुसऱ्याच्या यंत्रात चालत नाही. तेव्हा यंत्र घेणे म्हणजे नुसती वस्तू घेणे नव्हे, एका घराण्याशी सोयरीक जुळवणे होय. पुढचा सारा देण्याघेण्याचा व्यवहार त्याच घराशी.

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सची सिरीज एक्स व सिरीज एस ही दोन भावंडे नोव्हेंबर २०२० मध्ये जगाच्या बाजारात आली. प्लेस्टेशन ५ आपल्या देशात पोहोचले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. त्या वेळी चकती घालता येणारे प्लेस्टेशन ४९,९९० रुपयांना होते, सिरीज एक्सही तितक्यालाच. सिरीज एस मात्र ३४,९९० रुपयांना. पुढे किमती बदलत गेल्या. स्विच हे २०१७ सालचे. ते टीव्हीला जोडता येते आणि हातात धरून अंगणातही खेळता येते. त्याची पुढची आवृत्ती जून २०२५ मध्ये निघाली.

आमचा कल साहजिकच स्वस्ताकडे, म्हणजे सिरीज एसकडे झुकला. परंतु त्याला चकती घालायची सोयच नाही; प्रत्येक खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. काही खेळांचा आकार शंभर जीबीच्याही वर जातो, आणि आमच्या गावचे नेटवर्क तर पावसाचा पहिला थेंब पडताच डोळे मिटते. शिवाय उतरवून घेतलेला खेळ चकतीसारखा शेजाऱ्याला देता येत नाही, की जुना झाला म्हणून विकता येत नाही. हे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "जी वस्तू शेजारी उसनी देता येत नाही, ती घरात आणून काय करायची?" खेळाच्या वेष्टनावर ३, ७, १२, १६, १८ असे वयाचे आकडे छापलेले असतात, तेही त्यांनी कोठूनसे शोधून काढले आणि बाराच्या वरचा आकडा या घरात येणार नाही, असा निकाल देऊन टाकला.

चिरंजीव हे सारे मुकाट्याने ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वडोदऱ्याला काकांकडे कोणते आहे?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आमचे थोरले बंधू नोकरीनिमित्त वडोदऱ्यास स्थायिक आहेत. दरवर्षी मे महिन्यात ते सहकुटुंब गावी येत. आमचा मुलगा आणि त्यांचा मुलगा एकाच वयाचे. महिनाभर एका ताटात जेवणारे. तीन वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून आमच्यात आणि दादांत शब्दाला शब्द लागला. तेव्हापासून येणे नाही, जाणे नाही, फोन नाही. बांध हातभर रुंदीचा. पण त्याने दोन घरे तोडली.

त्या रात्री आम्हांस आमचे बालपण आठवले. निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानात काढलेल्या यंत्राच्या नकला १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे विकल्या जात. दादांनी पैसे साठवून तसले एक यंत्र आणले होते. गावात कॅसेट घरोघर फिरत. 'कॉन्ट्रा' नावाच्या खेळात दोघांनी मिळून शत्रूशी लढायचे असे. त्यात एक धबधबा लागतो. एकजण भराभर वर चढला की पडदाही वर सरकतो आणि मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन मरतो. आम्ही धाकटे, उडी मारण्यात मंद. दादा वरच्या खडकावर थांबून राहत आणि म्हणत, "ये तू सावकाश."

तरीही फोन करण्यास मन धजेना. आम्ही पळवाट शोधली, आणि ती सापडलीही. निरनिराळ्या यंत्रांवरच्या खेळाडूंना एकमेकांशी खेळू देण्यास सोनीची पूर्वी फारशी तयारी नसे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्या कंपनीने 'फोर्टनाइट' या खेळापुरते दार उघडले. २०२२ सालच्या 'फिफा २३' पासून फुटबॉललाही ही मुभा मिळाली. आम्ही हर्षभरित झालो. म्हणजे कोणतेही यंत्र घेतले तरी मुलांचे भागेल आणि आम्हांस कोणाला विचारावे लागणार नाही!

बेळगावच्या दुकानदाराने आमचा हा हर्ष क्षणात उतरवला. "सर्वच खेळांना ही सोय नसते, साहेब," तो म्हणाला. "फुटबॉलमध्येही जुन्या पिढीचे यंत्र नव्याशी जुळत नाही. समोरच्याकडे कोणते यंत्र आहे? खेळ कोणता?" चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले आणि मग मान खाली घातली. आम्ही रिकाम्या हातांनी एस.टी.त बसलो. वाटेत आमच्या मनात एकच विचार घोळत होता. गिऱ्हाइकासाठी एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्यांनीसुद्धा आपल्या कुंपणाला एक फाटक ठेवले. आणि आम्ही सख्खे भाऊ!

रात्री आम्ही फोन लावला. "दादा, आम्ही बोलतोय," एवढे म्हणून शब्द अडला. पलीकडे काही वेळ शांतता. मग आम्ही सरळ विचारले, "मुलाकडे कोणते यंत्र आहे?"

"प्लेस्टेशन पाच," दादा म्हणाले. "चकतीचे घे. इकडे तीन-चार खेळून झालेल्या चकत्या पडल्या आहेत. नाताळात येताना घेऊन येतो."

आम्ही चकतीचे प्लेस्टेशन घेतले. आमच्या अंदाजापेक्षा पैसे अधिक गेले, आणि इंटरनेटवरून समोरासमोर खेळण्यासाठी वर्गणी निराळी पडली; ती दोन घरांनी आपापली भरली. नाताळात दादा आले. रोज सायंकाळी एकच तास, असे कुलूप वहिनींनी यंत्रालाच घालून दिले. तशी सोय त्यात असते. बांधाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. येत्या मे महिन्यात मोजणी करून घ्यायचे ठरले आहे. परंतु दोरीचे एक टोक दादांनी धरावे आणि दुसरे आम्ही, इतके बोलणे झाले आहे.

कोणते यंत्र चांगले, असे आता गावातले पालक आम्हांस विचारतात. आम्ही किंमत सांगतो, चकतीचे सांगतो, वयाचे आकडे सांगतो. पण त्याआधी विचारतो, "तुमचा मुलगा खेळणार कोणाबरोबर?"