आजऱ्याचे आकाश आणि दोन गिधाडे

आजरा म्हटले की हिरण्यकेशी, रामतीर्थ आणि घनसाळ भाताचा सुवास आठवतो. संकेश्वरहून आंबोलीकडे जाणारा रस्ता येथूनच जातो. धम्मकार्यानिमित्त आम्ही या तालुक्यातील वस्त्यांत जातो, तेव्हा वयस्कर मंडळी सांगतात, "पूर्वी ढोर मेले की तासाभरात माळ गिधाडांनी भरायचा." आज माळावर फक्त कुत्री दिसतात. यावर गावातील एखादा टोमणा मारतो, "तुम्ही ढोरे ओढायचे सोडले, म्हणून गिधाडे उपाशी मेली." याचे उत्तर आपल्या मुलाबाळांना ठाऊक असले पाहिजे.

सह्याद्रीत मुख्यतः दोन जातींची गिधाडे. पांढऱ्या पाठीचे गिधाड अंगाने काळसर. ते उंच झाडावर घरटे बांधते. रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यातले चिरगाव त्याच्या घरट्यांसाठी प्रसिद्ध आहे. दुसरे लांब चोचीचे, फिकट तपकिरी; ते कड्याच्या कपारीत राहते. दोन्ही जाती वर्षाला एकच अंडे घालतात.

१९९२ ते २००७ या काळात भारतात पहिली जात हजारात एक उरली, दुसरी शंभरात तीन. राहण्याच्या जागा वेगळ्या, संहार मात्र एकाच वेळी! झाडे तुटली म्हणावे, तर कडे शाबूत होते. अन्न संपले म्हणावे, तर कुत्री कशावर जगली? आणि परमपूज्य बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचा उपदेश महाडला केला तो १९२७ साली. आपल्या लोकांनी गावोगाव ढोरे ओढणे सोडले, तरी पुढे कित्येक वर्षे आकाशात गिधाडे होतीच.

खरे कारण २००४ साली शास्त्रज्ञांनी उघड केले. जनावरांना दुखण्यावर देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. सरकारने २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०२३ साली किटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली.

कार्यकारणभाव शोधा, ही तथागतांची शिकवण. तेव्हा बंधुभगिनींनो, टोमण्याने मान खाली घालू नका. आपल्या गोठ्यातील जनावर आजारी पडले, तर डॉक्टरांकडे गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम मागा. मेलेल्या ढोराची व्यवस्था त्याच्या मालकाने व ग्रामपंचायतीने करावी. ते काम पुन्हा कोणत्याही एका जातीच्या गळ्यात पडता कामा नये.