सूरजागडची पहाट

भूगोल शिकवण्यात माझी तेहेतीस वर्षे गेली. ज्वालामुखीचा धडा आला की मी मुलांना वर्गाच्या खिडकीतून पूर्वेकडे पाहायला सांगत असे. वसईच्या मागे उभे असलेले हे डोंगर म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून थरांवर थर वाहत आलेला लाव्हा, असे मी सांगे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्या युगातलीच, नागपूरच्या सीताबर्डीचा काळा दगडही त्याच कुळातला. मुलांचा विश्वास बसत नसे. ज्वालामुखी म्हटला की त्यांना धूर आणि आग हवी असे. जपानी लोक रात्रभर फुजी पर्वत चढतात आणि शिखरावरून सूर्योदय पाहतात, हे सांगितले म्हणजे मात्र वर्ग गप्प होई. निवृत्त झाल्यावर आपणही एकदा फुजीवर जावे, अशी सुप्त इच्छा मी बाळगून होतो. ती तशीच राहिली. सूर्योदयासाठी डोंगर चढायचा योग मात्र आला, आणि तो जपानात नव्हे, गडचिरोली जिल्ह्यात.

चंद्रपूरला एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात माझी एका माडिया गुरुजींशी ओळख झाली होती. पुढे पत्रांनी ती टिकली. त्यांचे गाव एटापल्ली तालुक्यात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूरजागडला ठाकुरदेवाची यात्रा भरते, पंचक्रोशीतली गावे तिथे जमतात, एकदा येऊन पाहा, असे ते दरवर्षी लिहीत. २०१५ साली मी निघालो.

चंद्रपूरहून एसटीने गोंडपिपरी मागे टाकली, आष्टीला वैनगंगा ओलांडली आणि मग जंगल दोन्ही बाजूंनी अंगावर येऊ लागले. आलापल्लीचा साग मी पुस्तकात वाचला होता, तो मान वर करून पाहिल्याशिवाय कळत नाही. एटापल्लीला उतरलो तेव्हा अंधारून आले होते. गुरुजी मोटारसायकल घेऊन उभे होते. ‘‘जोहार, सर,’’ म्हणाले आणि माझी पिशवी काढून घेतली. त्यांच्या कुडाच्या घरात त्यांच्या आईने गरम पेज वाढली. तिचे माडिया मला कळेना, माझे मराठी तिला. तरी जेवण संपेपर्यंत आम्ही बरेच बोललो.

पहाटे चारला गुरुजींनी उठवले. हवेत कडाक्याचा गारठा होता. यात्रेला आलेल्या लोकांच्या शेकोट्या झाडांमधून दिसत होत्या. कुठेतरी ढोल थांबून थांबून वाजत होता. कंदिलाच्या उजेडात आम्ही चढू लागलो. वाट अशी नव्हतीच. बांबूच्या बेटांमधून, ऐन आणि तेंदूच्या झाडांमधून गुरुजी सहज पुढे जात होते आणि मी धापा टाकत मागे. पायाखालचे दगड विचित्र जड होते. ठेच लागली की आपला काळा पत्थर हलतो, हा दगड हलत नव्हता.

वाटेत एका ठिकाणी गुरुजींनी वहाणा काढल्या. कारण न विचारता मीही काढल्या. लहानपणी मोतमाऊलीच्या सणाला बांद्र्याच्या टेकडीवर आई मला अनवाणी नेत असे, ते आठवले.

वर पोहोचलो तेव्हा आकाश राखी रंगाचे झाले होते. मग खालच्या रानावरचे धुके तांबूस झाले, आणि सूर्य एकदम वर आला. उजेड दगडांवर पडला तेव्हा मी पाहतच राहिलो. ते काळे नव्हते. पोलादी करडा पट्टा, त्यावर तांबडा पट्टा, पुन्हा करडा, असे एकावर एक रचलेले. हा लाव्हा नव्हता. पृथ्वीवर झाडाचे पानही नव्हते अशा काळी, दोन अब्ज वर्षांहूनही आधी, समुद्राच्या तळाशी लोह आणि वाळूचे द्रव्य थराथराने साचत गेले त्याचा हा दगड. त्या समुद्रात लोह आले ते बऱ्याच अंशी तळाच्या तापलेल्या झऱ्यांतून, म्हणजे ज्वालामुखीच्याच उष्णतेने. माझा सह्याद्री या डोंगरापुढे अगदी कालचा पोर ठरत होता.

शिक्षकाची खोड जात नाही. शाळेच्या कपाटात ठेवावा म्हणून मी एक सुरेख पट्ट्यांचा तुकडा उचलला. गुरुजी थोडे अडखळले. मग म्हणाले, ‘‘सर, खाली ओढ्यात असाच मिळेल. इथला राहू द्या.’’ मी तो होता तिथे ठेवला.

बसल्या बसल्या त्यांनी विचारले, ‘‘तुमच्याकडे आहे का असा डोंगर?’’

मोतमाऊलीचे नाव ओठांवर आले होते. पण मनात दुसराच डोंगर उभा राहिला. आमच्या गावच्या पूर्वेला एक टेकडी होती. बाबा मला पहाटे तिथे नेत आणि सूर्य वर आला की खाली सोडून कामावर जात. बाबा ट्रक चालवत. त्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला खदान होती, तिथून ते डबर आणि खडी भरून नेत. दुपारी सुरुंग उडाला की आमच्या घरातली भांडी थरथरत. वसईत घरे उठत होती आणि घरांना दगड लागत होता. मी नोकरीला लागेपर्यंत टेकडी अर्धी राहिली होती, लग्न झाले तेव्हा तिथे पाण्याने भरलेला खड्डा होता. आमच्या घराचे जोते त्याच दगडाचे आहे. माझी फी, माझी पुस्तके त्याच खडीतून आली.

‘‘होता,’’ मी म्हणालो. ‘‘आम्ही तो विकला.’’

गुरुजी काही बोलले नाहीत. सूरजागडच्या ३४८ हेक्टरांवर लोहखनिजाचा खाणपट्टा २००७ सालीच मंजूर झाला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. काम तेवढे सुरू व्हायचे होते.

ते २०१६ साली सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली कित्येक वाहने जाळली. काम बंद पडले, पुन्हा सुरू झाले, २०२१पासून ते नेटाने चालू आहे. २०२३ साली वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा १ कोटी टनांवर गेली, २०२५मध्ये आणखी वाढली. तालुक्यातल्या तोडगट्टा येथे गावकरी नव्या खाणींविरुद्ध २०२३ साली कित्येक महिने ठिय्या देऊन बसले होते. १९९६चा पेसा कायदा, २००६चा वनहक्क कायदा, ग्रामसभेचे अधिकार या गोष्टी मी वर्गात नागरिकशास्त्र म्हणून शिकवल्या होत्या. त्या मंडपात बसलेल्यांसाठी तो परीक्षेचा प्रश्न नव्हता.

माझ्या हातून त्या दिवशी एक तुकडा परत ठेवला गेला, आता त्या डोंगरावरून ट्रकांच्या रांगा उतरतात. हा राग मी एकदा फोनवर गुरुजींसमोर मोकळा केला. विरोध करा, आम्ही वसईतून पाठिंबा देऊ, असेही बोलून गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग सांगितले, की त्यांचा पुतण्या आता खाणीवर डंपर चालवतो. घरात पहिल्यांदा महिन्याचा पगार येतो आहे. त्याची मुलगी एटापल्लीच्या वसतिगृहात राहून शिकते आहे. यात्रेला मात्र तो दरवर्षी रजा टाकून येतो आणि काकांशी नजर मिळवत नाही.

‘‘तुमच्या बाबांसारखाच तो, सर,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘त्याला मी काय सांगू?’’

मला उत्तर सुचले नाही. फोन ठेवून मी ओट्यावर येऊन बसलो. खाली जोत्याचा काळा दगड उन्हाने तापला होता. कितीतरी वेळ मी त्यावर हात ठेवून होतो. मग आत जाऊन पत्र लिहायला घेतले. त्या मुलीच्या शिक्षणाला काही मदत लागली तर कळवा, एवढे लिहिले. पुतण्याच्या प्रश्नाची जागा कोरीच सोडली आहे, पत्र अजून टाकलेले नाही.