दक्षिण कोणती?

मेलबर्नच्या उपसागराकाठच्या एका उपनगरात आम्ही काही वर्षे राहिलो. कुंपणापलीकडे एक निवृत्त ग्रंथपाल बाई राहत. त्यांच्या परसात गवतावर चार दगड मांडलेले होते. बागेची सजावट असावी, असे आम्ही धरून चाललो होतो. एका संध्याकाळी त्या दगडांवर चार रंगांच्या मेणबत्त्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाईंनी सहज सांगितले की आपण 'विच' आहोत.

या शब्दापाशी आम्ही अडखळलो, आणि आज लिहितानाही अडखळतो आहोत. मराठीत 'चेटकीण' म्हणावे, तर तो शब्द बाईने स्वतःसाठी निवडलेला कधीच नसतो. आपल्याकडे नंदुरबारच्या बाजूला 'डाकीण' ठरवलेल्या बाईला मारहाण आणि बहिष्कार सोसावा लागतो, प्रसंगी जिवालाही मुकावे लागते. इंग्लंडात मात्र जादूटोण्याविरुद्धचा १७३५ चा कायदा १९५१ साली रद्द झाला, १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांचे 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक निघाले, आणि पुढे शेकडो लोकांनी हे नाव आपखुशीने धारण केले. एकच शब्द एकीकडे शिक्षा आणि दुसरीकडे व्रत व्हावा, हा फरक विसरून पुढचे काही वाचू नये, एवढीच वाचकांना विनंती. त्यांच्या पंथाला आम्ही 'विक्का' हे त्याचेच नाव ठेवतो.

विधी तसा साधा. काळ्या मुठीच्या सुऱ्याने, किंवा नुसत्या हातानेही, हवेत एक वर्तुळ आखायचे. त्या सुऱ्याने काही कापत नाहीत. मग बहुधा पूर्वेपासून आरंभ करून एकेका दिशेकडे तोंड करायचे आणि तिथल्या तत्त्वाला पाचारण करायचे. पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल आणि उत्तरेला पृथ्वी. पूर्व म्हणजे पहाट, वसंत आणि बुद्धी. दक्षिण म्हणजे मध्यान्ह, उन्हाळा आणि इच्छाशक्ती. पश्चिमेला सायंकाळ, पानगळ आणि मनातले सारे ओलेपण. उत्तरेला मध्यरात्र, हिवाळा, देह, माती आणि मृत्यू. एका फेरीत दिवस पुरा होतो, वर्ष पुरे होते आणि एक आयुष्यही. फेरी घालायची ती सूर्याच्या वाटेने. उलट फिरणे हे बांधलेले सोडण्यासाठी.

हे सारे अतिप्राचीन असल्याचा बाईंचा मुळीच दावा नव्हता. युरोपातल्या चेटकिणी म्हणजे एका अखंड प्राचीन धर्माच्या अनुयायी, हा मार्गारेट मरे यांचा १९२१ चा सिद्धान्त इतिहासकारांनी केव्हाच बाजूला सारला आहे. रोनाल्ड हटन यांच्या १९९९ सालच्या 'द ट्रायम्फ ऑफ द मून' या ग्रंथात विक्काचे आधुनिक मूळ तपशिलाने मांडलेले आहे, आणि बाईंच्या कपाटात तो ग्रंथ अगदी समोर होता. चार तत्त्वे इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातल्या एम्पेडोक्लीजची. पण ती कोणत्या दिशेला बसवायची, याबद्दल एकवाक्यता नव्हती. १५३३ साली समग्र छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात अग्रिप्पाने अग्नीला पूर्व, वायूला पश्चिम, जलाला उत्तर आणि पृथ्वीला चक्क दक्षिण दिली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधल्या एलिफास लेव्हीकडे आजची मांडणी दिसते. १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या मंडळाने तिच्याभोवती विधी रचले, आणि तिथून ती गार्डनरच्या वर्तुळात आली.

ती तिथे का रुजली, हे इंग्लंडच्या नकाशाकडे पाहिले की कळते. त्या बेटाच्या पश्चिमेला अटलांटिक महासागर. पाऊसही बहुधा तिकडूनच येतो. दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला. उत्तरेची भिंत सदा सावलीत. जुन्या चर्चच्या उत्तर अंगाला आपले दफन होऊ नये असे गावकऱ्यांना वाटे. ती सैतानाची बाजू. तेव्हा पोथ्या कुठूनही आलेल्या असोत, त्या बेटावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाला ही मांडणी पटत होती. दक्षिणेकडे तोंड करून अग्नीला हाक मारली की चेहऱ्यावर ऊन येई.

हीच मांडणी विषुववृत्त ओलांडून ऑस्ट्रेलियात आली, आणि पंचाईत झाली. तिथे सूर्य पूर्वेला उगवून उत्तरेकडून पश्चिमेला जातो. म्हणजे 'सूर्याच्या वाटेने' फिरायचे तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरायला हवे. ३१ ऑक्टोबरला इंग्लंडात हिवाळ्याच्या तोंडावर मृतांचा सण होतो, तेव्हा मेलबर्नला वसंत बहरात असतो. काहींनी ठरवले की परंपरा ती परंपरा, पुस्तकाप्रमाणेच करायचे. अनेकांनी सणांचे चक्र सहा महिन्यांनी फिरवले आणि अग्नी व पृथ्वी यांची अदलाबदल केली. सिडनीसारख्या पूर्व किनाऱ्यावर आणखी एक प्रश्न: समुद्र पूर्वेला असताना पश्चिमेकडे तोंड करून पाण्याला का बोलवावे?

बाई पहिली काही वर्षे पुस्तकाप्रमाणेच करीत. मग ७ फेब्रुवारी २००९ चा शनिवार आला. मेलबर्नचे तापमान ४६.४ अंशांवर गेले. खंडाच्या अंतर्भागातून उत्तरेचा कोरडा वारा भट्टीतून यावा तसा येत होता. व्हिक्टोरिया राज्यात लागलेल्या वणव्यांत १७३ माणसे गेली. दिवसभर आम्ही सारे उत्तरेच्या खिडक्या बंद करून दक्षिणेच्या थंड वाऱ्याची वाट पाहत बसलो होतो. तो आला, आणि जंगलात मात्र त्याने आगीची लांब कूस पेटवून तिचीच नवी आघाडी केली. "त्यानंतर दक्षिणेकडे पाहून अग्नी म्हणणं मला जमेना," बाई म्हणाल्या. त्यांनी लाल मेणबत्ती उत्तरेच्या दगडावर नेली आणि हिरवी, पृथ्वीची, दक्षिणेच्या दगडावर. पश्चिम तशीच राहिली, कारण आमच्या घरांच्या पश्चिमेला उपसागरच होता. पूर्वही तशीच, सूर्योदय सगळीकडे पूर्वेलाच होतो.

आम्हांला हे सारे त्या वेळी मनोरंजक वाटले, आणि थोडे हास्यास्पदही. ज्या दिशा सोयीने हलवता येतात त्यांचे पावित्र्य ते काय, असा एक सनातन अहंकार आमच्यात कुठेतरी दबा धरून होता.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये साताऱ्याला आमचे वडील गेले. आम्हांला वेळेवर पोहोचता आले नाही. दादांचा फोन आला: "तिथं दिवा लाव दहा दिवस. वातीचं तोंड दक्षिणेला." पणती, तेल, पसाभर पीठ, सगळे मांडले, आणि काडी ओढण्याआधी हात थांबला. दक्षिण कोणती? बाईंनी दिशा हलवली, मग आमची दक्षिण हलते की नाही? दादांना विचारले. ते म्हणाले, "दक्षिण ती दक्षिण. यात विचारायचं काय?" त्यांचा आवाज इतका थकलेला होता की आम्ही पुढे बोललो नाही.

दिवा लावला तो खऱ्या दक्षिणेलाच. पण त्या दहा रात्री मनात दुसरे काही चालत नव्हते. आपली दिशा कशावर उभी आहे? 'दक्षिण' म्हणजे उजवी. उगवतीकडे तोंड करून उभे राहिलेल्या माणसाचा उजवा हात. ही व्याख्या दुपारचा सूर्य कुठे असतो हे विचारीतच नाही, म्हणून ती साताऱ्यात खरी आणि मेलबर्नमध्येही. यमाची दिशा तीच. मात्र साताऱ्याला त्या दिशेत यमाचे असे डोळ्यांना काही दिसत नाही. मे ते जुलैचा काळ सोडला, तर दुपारचा सूर्य तिथे दक्षिणेकडेच कललेला असतो. हिवाळ्यात वडील दक्षिणेच्या ओसरीवर ऊन खात पेपर वाचीत. यम तिकडे राहतो हे आम्ही पाठ केले होते, अनुभवले नव्हते. मेलबर्नच्या जूनमध्ये ते अनुभवाला आले. तिथे दक्षिणेची भिंत दुपारचे ऊन कधी पाहत नाही. तिच्यावर शेवाळ धरते. तिकडून येणारा वारा थेट बर्फाच्या खंडावरून येतो, आणि आमची ज्योत पुन्हा पुन्हा विझू पाहत होती. शेवटी पुठ्ठ्याचा आडोसा केला.

बाईंच्या दिशेला स्थळाप्रमाणे हलावे लागले, तेव्हा कुठे ती खरी राहिली. आमची जागची हलली नाही, आणि परक्या भूमीवर जास्त खरी ठरली. यात आमच्या परंपरेचा विजय वगैरे काही नाही. तो योगायोग आहे. बाईंनी मात्र प्रश्न स्वतःला विचारला होता, उत्तर जगून पाहिले होते. आम्हांला तो प्रश्न दिवा लावायची वेळ येईपर्यंत सुचलाही नव्हता, आणि सुचला तोही त्यांच्यामुळे.

दहाव्या रात्री त्यांच्या परसात एकच मेणबत्ती पेटली, दक्षिणेच्या दगडावरची, काचेच्या बरणीत. माती, मध्यरात्र आणि मृत्यू यांची ती दिशा. आम्ही त्यांना वडिलांविषयी सांगितले होते, दिव्याविषयी नव्हते. खिडकीतून त्यांनी तो पाहिला असावा. आम्हीही कधी त्याबद्दल बोललो नाही. मध्ये कुंपण होते, आणि वारा दोन्हीकडे दक्षिणेचाच होता.